शेरा : निरंक

शाल्मलीनं नांदेडहून व्हिडिओ पाठवलाय, दीड मिनिटाचा.
खाली लिहिलंय, आई, यात तू आहेस. शोध.

रात्रीचे दोन. एकशे बत्तीस केव्ही, जिंतूर.
ट्रान्सफॉर्मर एकाच सुरात घुमतोय,
इलाहीभाई मफलर गुंडाळून बाकावर आडवे,
आणि माझ्या तळहातात पृथ्वी
जुन्या मीटरच्या चकतीसारखी
तिरकी, न थांबता फिरतेय.

वरून कुणीतरी दर काही सेकंदांना एक फोटो काढत गेलं,
मग सगळे एकापाठोपाठ पळवले.
समुद्रावर विजा लुकलुकतात,
स्टार्टर गेलेल्या ट्यूबसारख्या.
संगीत लावलं होतं त्याला, ते मी बंद केलं.

मुंबई ओळखू येते, कुणालाही येईल.
हैदराबाद म्हणजे सुपातून सांडलेली ज्वारी.
मधे आम्ही.
मधे पुष्कळ अंधार, आणि त्यात
विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकाएवढं काहीतरी.
परभणी असेल.
किंवा काचेवर उठलेलं माझंच बोट.

कोपऱ्यात तारीख आहे, अकरा ऑक्टोबर,
वीस वाजून नऊ मिनिटं, जगाच्या घड्याळानं.
साडेपाच तास मिळवायचे की वजा करायचे
यात थोडा वेळ गेला.
मिळवले. आपली बारा तारीख, एक एकोणचाळीस.
पाळी माझीच होती.

कपाटातून लॉगशीट काढलं :
०१.४२, बोरी फीडर ट्रिप, ओव्हरकरंट.
०२.२०, चार्ज.
अडतीस मिनिटांचा अंधार, माझ्या अक्षरात.

मग एकेक फोटो थांबवत गेले.
एकात ठिपका आहे.
पुढच्यात नाही. छातीत लख्ख झालं.
त्याच्या पुढच्यात परत आहे.
म्हणजे बोरी नव्हे.
बोरी इतक्या लवकर यायचीच नव्हती.

"काय बघायलाव मॅडम?"
"आपलं गाव."
भाई डोळे चोळत आले, चष्मा नाही, फोन लांब धरला.
"कुठं? दिसंना गेलंय."

तोवर जमीन मागं पडली. दक्षिणेचा काळा समुद्र,
आणि कडेला हिरवं काहीतरी उभं राहिलं.
तांब्याचा जंपर जळताना भपका उठतो ना,
तोच रंग. पण जळत काहीच नव्हतं.
आवाज नाही, वास नाही, कुणाची धावपळ नाही.
हलत होतं नुसतं, वर जाऊन जांभळं होत.
भाई म्हणाले, "एवढा फॉल्ट, आन् ट्रिप झालं न्हाई?"

हसले मी. मग हसू राहिलं नाही.

येलदरीकडून धुकं येतं त्या रात्री
आमच्या इन्शुलेटरलाही जांभळी कड धरते,
चरचरते, फोडणी विझत आल्यासारखी.
बावीस वर्षं मी ती पाहतेय
आणि नोंदीत लिहितेय, इन्शुलेटर धुणे आवश्यक.

कपाट उघडंच होतं. जुनी रजिस्टरं भरभर चाळली,
दर तासाला एक ओळ, दर तासाला एक ओळ.
भार चाळीस, साठ, एकशे दहा अँपिअर.
कुंटूरकरांची तिरकी अक्षरं येतात आणि संपतात.
माझी सुरू होतात, टोकदार, घाबरलेली.
एका ठिकाणी सहा महिने मी नाहीच,
कुणा दुसऱ्याचे गोल गोल आकडे.
ती शाल्मली.
परत येते तेव्हा माझा सात बदललेला आहे,
पोटातून रेघ मारलेला. का, ते आठवत नाही.

तिला लिहिलं, सापडले नाही.
ती जागीच होती. म्हणाली, नीट बघ.

तीन वाजले. टॉर्च घेऊन यार्डात गेले,
ऑइलचं तापमान, बॅटरीचा दाब, फीडर एक ते सहा.
खडीवर माझ्याच चपलांचा आवाज.
वर एक ठिपका सरळ चालला होता, न लुकलुकता.
विमान असेल, संभाजीनगरकडून येतं एखादं.
तरी टॉर्च उचलली
आणि दोनदा बंद-चालू केली.

आत येऊन आकडे उतरवले.
शेऱ्याच्या रकान्यात थोडा वेळ पेन टेकवून ठेवलं.
शाईचा ठिपका पडला.
त्याच्या पुढं लिहिलं, निरंक.